टेबलाखालचा जावई

सासऱ्यांच्या नव्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड थोरल्या जावयाने स्वतःच्या हाताने बसवला होता. "दुकानदार कशाला? मी आहे ना!" असं तेव्हा छातीठोकपणे म्हणालाही होता. बाकी सगळं झकास चालत होतं, पण पुढचे दोन निळे, वेगवान पोर्ट काही केल्या पेनड्राइव्हला ओळख देईनात.

आणि नेमका आज धाकटा जावई जेवायला आलेला. "दादा, तुम्ही खाली वायरी बघा, मी वरून नवा ड्रायव्हर इन्स्टॉल करतो," म्हणत त्याने खुर्ची बळकावली.

थोरला मुकाट टेबलाखाली शिरला. कॅबिनेटचं झाकण काढून बघतो तर काय, त्या पोर्टांची वायर मदरबोर्डला जोडलेलीच नव्हती! जोडायची कोण विसरलं, हे विचारायचीही सोय नव्हती. त्याने जीभ चावली आणि वायर गुपचूप खोचली.

"चालले!" वर धाकटा ओरडला. "बघा मामा, ड्रायव्हर टाकला रे टाकला की चालले!"

"याला म्हणतात डोकं!" सासरे खूश झाले.

टेबलाखाली थोरल्याची पंचाईत झाली. खरं सांगावं तर स्वतःचीच फजिती, गप्प बसावं तर साडूचा जयजयकार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

त्याने वायर दोन बोटांत धरली आणि हळूच उपसली.

"अहो, गेले की परत!" सासरे म्हणाले.

"जाणारच, मामा," टेबलाखालून गंभीर आवाज आला. "ड्रायव्हर शिकाऊ असला की असंच व्हायचं."