धुण्याचा दगड

माझ्या खैरूनच्या कबरीच्या उशाशी मी तिचा धुण्याचा दगड ठेवला होता. तीस वर्षं कपडे आपटून तो मध्ये खोलगट झाला होता. चाळिसाव्या दिवशी तिचा भाऊ लियाकत पहार घेऊनच कब्रस्तानात आला.

"दुल्हाभाई, पूजा मांडलीय काय इथे? हजच्या वेळी हजरत उमर काब्यातल्या काळ्या दगडाला म्हणाले होते, तू नुसता दगड आहेस, तुझ्याने कुणाचं भलंबुरं होत नाही."

"मग पुढे काय केलं त्यांनी?"

त्याने पहार खांद्यावरून खाली घेतली. मीच पुढे सांगितलं.

"चुंबन घेतलं. पैगंबरांना घेताना पाहिलं होतं म्हणून. मी हिला या दगडापाशी पाहिलंय."

त्याने पहार लावली. मी अडवलं नाही.

"उचल," मी म्हणालो. "तिच्या जनाज्याला खांदा द्यायला आला नव्हतास. हा तरी उचल."