पोळ्याचं आवतन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वच्छलानं सवयीनं वाटीत तूप-हळद कोमट केली, पळसाचं पान घेतलं आणि बैलांचे खांदे शेकायला ती गोठ्याशी आली. गोठा रिकामा. बैलजोडी उन्हाळ्यातच विकली, हे ती साफ विसरली होती. तेव्हापासून नवऱ्याच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं वाटी पदराआड धरली, पण दौलतराव मागंच उभे होते. "आन इकडे," म्हणत त्यांनी तिला ओट्यावर बसवलं. फवारणीचा पंप वाहून वळ उठलेल्या तिच्या खांद्यांवर पान फिरवत ते दरवर्षी बैलांच्या कानात सांगायचे तेच बोलले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वच्छला खळखळून हसली. "अवो, मी का बैल हावो? अन् उद्याचा सैपाक कोण करन?" "मी. पोयाच्या दिवशी बैलाले कोणी कामाले लावते का?"