अनसूयाबाईंचा आवाज

"सावळेराऽऽम!" चित्रा ओरडली, आणि कारवीच्या रानात हाक घुमली ती सावळेरामबाबांच्या बायकोच्या, बारा वर्षांपूर्वी वारलेल्या अनसूयाबाईंच्या आवाजात. शोधपथकातली चित्राची ही पहिलीच मोहीम. रानात हरवलेली विसरभोळी म्हातारी माणसं परक्या हाकेला बिचकून लपतात, म्हणून हल्ली गळ्यात आवाज बदलणारा पट्टा बांधायचा आणि त्यांच्याच माणसाच्या आवाजात बोलवायचं. नाव घेऊन खणखणीत हाक, मग मिनिटभर कान देऊन उभं राहायचं, हे तिने घोकून ठेवलं होतं.

सकाळपासून ओ नव्हती. धुकं उतरू लागलं तशी ती रडकुंडीला आली. दमून एका खडकाला टेकली, तर त्याच्याच आड म्हातारबाबा बसलेले. पाय सुजलेला, अंगात हुडहुडी, पण चेहरा हसरा. याच खडकावरून ती तीनदा गेली होती.

तिने नियमाप्रमाणे आधी पट्टा बंद केला. "बाबा, ओ का नाही दिली हो?"

"ती गेलीये, ठाऊक आहे मला," ते ओशाळून म्हणाले. "पण पोरी, चाळीस वर्षं नुसतं 'अहो' म्हणायची. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. मी ओ दिली असती, तर तू हाका मारायची थांबली असतीस."

चित्राने त्यांचा पाय बांधला, हात आपल्या खांद्यावर घेतला. पुढे उतार निसरडा होता. क्षणभर घुटमळून तिने पट्टा पुन्हा चालू केला.

"जपून, सावळेराम."

"ओ," म्हातारबाबा म्हणाले, आणि त्यांनी पाऊल टाकलं.