न धरलेला महिना

"काका, पुढच्या पौर्णिमेला मी खोली सोडतेय. महिनाभर आधी सांगायचं ठरलं होतं, म्हणून सांगतेय," वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

केळशीकरांनी चष्मा पुसला. एकवीस वर्षांपूर्वी याच दारात सगळं तोंडी ठरलं होतं. कागद एकही नव्हता. बायको गेल्यापासून सिस्टरांची पहाटेची बादली डोक्यावर वाजली, की घरात आणखी कुणी आहे या भरवशावर ते अंथरुणातून उठत.

"महिना तिथीनं ठरला होता," ते वकिली थाटात म्हणाले. "आणि आता अधिक महिना लागतोय. तो नोटिशीत धरत नाहीत. तेव्हा दोन महिने थांबावं लागेल."

सिस्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "काका, अधिक महिना गेल्याच वर्षी होऊन गेला."

"गेला ना? पण आपण तो कुठे धरला? तो बाकी आहे."

सिस्टर हसणार होत्या, तेवढ्यात टेबलावरचं झाकलेलं ताट त्यांना दिसलं. सकाळचा भात तसाच होता.

"मिरजेला माझ्या भाच्याला कळवते, उशिरा येतेय म्हणून," त्या म्हणाल्या. "पण एकच महिना जास्त हं. पुढे नाही."

"ते मात्र लेखी द्या," केळशीकर म्हणाले आणि घरातलं एकुलतं एक पेन त्यांनी हळूच बंडीच्या खिशात टाकलं.

सिस्टर वर गेल्या. केळशीकर छताकडे कान लावून बसले. भरत आलेल्या ट्रंकेची कडी वाजली. पण काढल्याची की लावल्याची, ते काही खालून कळेना.