दोरीचं दुसरं टोक

दोरीचं दुसरं टोक उंच पोरीच्या हातात होतं.

सावली कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहिली. तिला तेवढी दोरीच दिसत होती. आजूबाजूचं मैदान जणू कुणी पुसून टाकलं होतं. दोरीच्या अलीकडच्या टोकाला भिंगरी होती, आणि ती हसत होती.

भिंगरी जन्मापासून आंधळी. शर्यतीत तिच्या मनगटात दोरीचा फास, आणि दुसरं टोक धरून शेजारी पळणार ती सावली. वळण आलं, कुणी आडवी आली, सगळं सावलीने सांगायचं. शेवटची रेघ मात्र भिंगरीने आधी ओलांडायची, सावलीने मागून. त्या एका पावलाच्या मागेपणात सावलीला तेहतीस कोटी देव भेटायचे.

मैदानाबाहेर दोरी लागत नसे. हातात हात असे. एक खोली, एक पांघरूण. सावलीची आई नातेवाइकांना "मैत्रीण आहे तिची" असं सांगायची, आणि स्वेटर मात्र दोघींना एकाच लोकरीचे विणायची.

जाळीपलीकडून भिंगरीचा आवाज आला. "राग येईल, आरडाओरड होईल. तरी हात सोडायचा नाही. कळलं?"

"नाही सोडणार, ताई."

सावली जाळीपासून मागे सरली. परत फिरताना ती बाकाला धडकली. त्याच गुडघ्यावर, पुन्हा एकदा.

संध्याकाळी खोलीवर तिने चहा ओतला; अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. भिंगरीने ठिबकणं ऐकलं, फडकं घेतलं आणि ओटा पुसला.

"लक्ष कुठंय बाईसाहेबांचं?"

"ती उंच पोरगी कोण?"

"मास्तरांनी दिलीय. शिकवतेय तिला."

"चांगली आहे?"

"गुणी आहे. तुझ्यासारखी कानाशी कुरकुर नाही करत." भिंगरी हसली. सावली हसली नाही, तेव्हा तिचंही हसू विरलं. "डॉक्टरांकडे गेली होतीस ना? काय म्हणाले?"

"होईल म्हणाले बरा."

"काय बरा होईल?"

"गुडघा! आणखी काय?"

 भिंगरीने फडकं पिळलं आणि वाळत घातलं.

डॉक्टर जे म्हणाले ते सावलीने पोटात ठेवलं होतं. सांगावं तर दोरी आजच जाणार, न सांगावं तर उद्या. दोरी गेली की भिंगरी जाणार. आता तर रिकाम्या जागेवर बसायला माणूसही तयार! तिने देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय, तेच सुचेना. नुसतीच रडली.

सकाळी ती मैदानावर गेली ती पदर पसरायचाच असं ठरवून. मान गेला चुलीत. दोघी तिथेच होत्या.

"भिंगरे, ऐक माझं. मी चुकते, कबूल. हळू पळते, तेही कबूल. मला पाणी द्यायला ठेव, तुझे बूट पुसायला ठेव. पण ही दोरी दुसरीला देऊ नकोस गं! पाया पडते तुझ्या. मी कुठं जाऊ मग?"

उंच पोरीने मान खाली घातली. भिंगरीने चाचपडत सावलीचा हात शोधला. खिशातून नवी कोरी, खरखरीत दोरी काढली, तिचा फास सावलीच्याच मनगटात सरकवला आणि दुसरं टोक उंच पोरीच्या हातात दिलं.

"हे काय?" सावलीने विचारलं.

"गेले सहा महिने वळणावर मीच ओढतेय तुला, बये," भिंगरी म्हणाली. "ही पोरगी माझ्यासाठी नाही. तुझी नजर पुरती जायच्या आत तुला हिच्याबरोबर पळता आलं पाहिजे."