हरायची ओपनिंग

वणीच्या बुद्धिबळ क्लबची फायनल, आणि धम्मदीपच्या समोर नेमके सासरे, डोमाजी. निघताना बायकोनं, रुपालीनं बजावलं होतं, "बाबाले हरवलं तं माह्याशी बोलू नका."

म्हणून गड्यानं जन्मात न खेळलेली ओपनिंग काढली. राजाच्या बाजूची दोन प्यादी अशी पुढं ढकलली, की सासऱ्यांनी वजीर तिरपा नेला की थेट मात.

डोमाजींचा हात वजिराकडे गेला आणि चटका बसल्यासारखा परत आला. भोवती अख्खा क्लब उभा, घड्याळ चालू. त्यांनी कपाळ पुसलं, पुढं वाकले आणि हळूच म्हणाले,

"जवाईबापू, ते प्यादं वापस घ्या न. तुमच्या सासूनं सांगतलं हाय, जवायाले हरवलं तं जेवायले घरी येऊ नका."