चिंध्यांचा बोळा

“बाईमाणसाच्या हातात इंजिन दिलं, तिथंच चुकलो!” ड्रायव्हर सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असा ओरडला. ऑइल मोजायच्या पट्टीची नळी इंजिनात बसते तिथून ऑइल गळत होतं. बुडाची रबरी रिंग बदलूनही ट्रक परत आला होता.

रिंग सगुणानंच बसवली होती. “दादा, रिंग चांगली आहे, दोष दुसरीकडं...”

“तुम्ही मध्ये बोलू नका, वहिनी. मालकांना बोलू द्या.”

मालक म्हणजे तिचा नवरा. बायकोचा हात आपल्यापेक्षा सरस आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो पाना पुसत राहिला. मग म्हणाला, “या वेळी मी स्वतः बघतो, भाऊ.”

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा ट्रकखाली शिरली आणि इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी चाचपली. नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला!

“दसऱ्याला गाडी रंगवली,” ड्रायव्हर चाचरला. “ती नळी रंगावर तेल उडवायची...”

“मग इंजिनानं दम टाकायचा कुठून? ढकललं ऑइल पट्टीच्या नळीच्या बुडातून!”

बोळा उपसून इंजिन चालू केलं. एक थेंब गळला नाही. ड्रायव्हरनं नवऱ्याचा हात हातात घेतला. “तुम्ही जातीनं उभे राहिलात म्हणून काम झालं, उस्ताद!”

नवऱ्यानं हसून मान डोलावली.

सगुणानं तो तेलकट बोळा त्याच्या तळहातावर आपटला. “खिशात ठेवा. माझ्या बाजूनं बोलायची वेळ आली की तोंडात कोंबायला होईल.”